'कॅन्सर टुडे' संकेतस्थळ: थायरॉईडचा नकाशा कसा वाचायचा

थायरॉईडच्या कॅन्सरचे जगभरातले आकडे एकाच जागी, फुकट आणि भरवशाचे हवे असतील, तर मी एकच पत्ता सांगते: ग्लोबल कॅन्सर ऑब्झर्व्हेटरी. जागतिक आरोग्य संघटनेची आयएआरसी ही कॅन्सर संशोधन संस्था १९६५ सालापासून आहे. तिचं मुख्यालय फ्रान्समधल्या लियाँ शहरात आहे आणि हे संकेतस्थळ तिचंच. त्यातला 'कॅन्सर टुडे' हा भाग मी सर्वात जास्त उघडते, त्याखालोखाल वर्षागणिक चढउतार रेघेनं दाखवणारा 'कॅन्सर ओव्हर टाइम'. मी रेडिओलॉजिस्ट आहे. मानेची सोनोग्राफी हे माझं रोजचं काम, म्हणून हा अभिप्राय फक्त थायरॉईडपुरता आहे.

आधी ते काय देतं ते सांगते. १८५ देश, ३६ प्रकारचे कॅन्सर, स्त्री-पुरुष वेगळे, वयोगट वेगळे. नाव-पत्ता भरून नोंदणी करावी लागत नाही. नकाशा, स्तंभालेख, तक्ता, जे हवं ते निवडायचं आणि उतरवून घ्यायचं. रुग्णांचे दर, म्हणजे लाख लोकांमागे किती, हे वयाप्रमाणे प्रमाणित केलेले, म्हणजे वयोगटांतला फरक बाजूला काढून, मिळतात. ही सोय फार मोलाची आहे, कारण म्हाताऱ्यांचा देश आणि तरुणांचा देश यांची सरळ तुलना केली तर काहीच्या काही निष्कर्ष निघतात. या बाबतीत पैकीच्या पैकी गुण.

थायरॉईड निवडलं की २०२२ सालचा अंदाज समोर येतो. जगात साधारण ८ लाख २१ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ४७ हजार ५०० मृत्यू. नव्या रुग्णांच्या यादीत हा कॅन्सर सातवा, मृत्यूंच्या यादीत चोविसावा. फुप्फुसाच्या कॅन्सरचे त्याच वर्षीचे आकडे शेजारी ठेवून बघा: सुमारे २४ लाख ८० हजार नवे रुग्ण, १८ लाख २० हजार मृत्यू. दोन्ही आजारांना आपण एकाच नावानं हाक मारतो, पण त्यांची जात वेगळी आहे. माझ्या मते या संकेतस्थळाचा सर्वात मोठा उपयोग हाच की, नवे रुग्ण आणि मृत्यू ही दोन्ही पानं एका क्लिकच्या अंतरावर आहेत. मात्र ती क्लिक आपण करायची असते. बहुतेक लोक पहिल्याच नकाशावर थांबतात.

आणि पहिला नकाशा घाबरवणारा आहे. एका देशात दर अगदी कमी, दुसऱ्यात त्याच्या पंधरापट. दक्षिण कोरिया, सायप्रस, चीन, तुर्कस्तान, इक्वेडोर, उत्तर अमेरिका गडद. आफ्रिकेचा बराचसा भाग फिका. विकसित देशांतला नव्या रुग्णांचा दर मागास देशांच्या जवळपास पाचपट भरतो. आता मृत्यूंचा नकाशा लावा. तो फरक जवळजवळ विरून जातो. बहुतेक देशांत मृत्यूदर लाखामागे एकापेक्षाही कमी आहे, श्रीमंत असो वा गरीब. इथे एक सूचना देऊन ठेवते. दोन नकाशांची रंगपट्टी एक नसते. मृत्यूंच्या नकाशातला गडद रंग म्हणजे नव्या रुग्णांच्या नकाशातला गडद रंग नव्हे, म्हणून रंगाआधी पट्टीवरचे आकडे वाचायचे.

हे सांगायचं कारण असं, की हा नकाशा आता फोनवरून फोनवर फिरतो. सोनोग्राफीला आलेल्या एक बाई टेबलावर आडव्या व्हायच्या आधी मोबाईल पुढे करून म्हणाल्या, "मॅडम, हा देश बघा ना, किती काळाकुट्ट दिसतोय. तिथलं पाणी खराब असेल का हो?" मी म्हटलं, "ताई, पाण्याचं नंतर बघू. आधी तिथे मानेवर हा सोनोग्राफीचा प्रोब किती जणांच्या फिरतो ते विचारा."

मी रोज काय बघते ते सांगते. जेल लावून प्रोब मानेवर टेकवला की पडद्यावर श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना थायरॉईडचे दोन करडे, एकसारख्या पोताचे भाग दिसतात. त्या करड्या रंगात कधी एक छोटा काळसर ठिपका सापडतो, चार-पाच मिलिमीटरचा. रुंदीपेक्षा उंची जास्त, कडा ओबडधोबड, आत मिठाच्या कणांसारखे बारीक पांढरे बिंदू. ही लक्षणं संशयाची आहेत हे आम्हाला शिकवलेलं असतं. पण ज्याच्या मानेत तो आहे त्या माणसाला गिळायला त्रास नाही, आवाज बसलेला नाही, हाताला काही लागत नाही. प्रोब ठेवला नसता तर तो ठिपका कुणालाच दिसला नसता. गाठ किती संशयास्पद हे ठरवणारी जी टी-रॅड्स पद्धत आज आम्ही वापरतो, तिच्या २०१७ सालच्या अमेरिकी नियमांनुसार सर्वात संशयास्पद गाठीलासुद्धा एक सेंटिमीटर होईपर्यंत नमुना काढायला सुई घालायची नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. तरीही अनेक ठिकाणी सुई घातली जाते, 'पॅपिलरी' (थायरॉईड कॅन्सरचा सर्वात जास्त आढळणारा प्रकार) असा रिपोर्ट येतो, आणि त्या माणसाची नोंद कॅन्सर रजिस्ट्रीत, म्हणजे रुग्णांच्या अधिकृत नोंदवहीत, होते. नकाशावरचा रंग त्या नोंदींतून भरलेला असतो.

असे ठिपके किती जणांत असतील? १९८५ साली फिनलंडमध्ये इतर कारणांनी मरण पावलेल्या १०१ जणांच्या थायरॉईडचे बारीक काप काढून तपासले, तेव्हा ३५.६ टक्क्यांत सूक्ष्म पॅपिलरी कॅन्सर सापडला. म्हणजे शोधाल तितकं मिळेल, असा हा साठा आहे. संकेतस्थळावर हे वाक्य ठळक अक्षरात, थायरॉईडच्या नकाशाच्या अगदी खाली असायला हवं. तिथे ते नाही.

'कॅन्सर ओव्हर टाइम' मात्र मला मनापासून आवडतं, आणि त्यातही दक्षिण कोरियाची रेघ. विद्यार्थ्यांना शिकवताना मी तीच आधी लावते. १९९९ मध्ये तिथे राष्ट्रीय कॅन्सर तपासणी मोहीम सुरू झाली. थायरॉईड त्या यादीत नव्हतं, पण आलेल्या माणसाची थोडे जास्त पैसे घेऊन मानेची सोनोग्राफीही करून देण्याची पद्धत पडली. २०११ मध्ये निदानाचा दर १९९३ च्या पंधरापट झाला, त्या एका वर्षात ४० हजारांहून जास्त लोकांना थायरॉईड कॅन्सर सांगण्यात आला. मृत्यू? वर्षाला तीनशे-चारशे, आधी होते तितकेच. देशातल्या देशातही फरक होता: ज्या प्रांतांत तपासण्या जास्त, त्या प्रांतांत रुग्ण जास्त. मग २०१४ मध्ये तिथल्या काही डॉक्टरांनी एकत्र येऊन जाहीरपणे सांगितलं की लक्षणं नसताना ही सोनोग्राफी करू नका. वर्षभरात शस्त्रक्रिया ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. पाणी, हवा, अन्न काहीही न बदलता रेघ खाली आली. एखाद्या आजाराचा आलेख डॉक्टरांच्या एका आवाहनानं वळतो, हे बघून मुलं गप्प होतात, आणि मग खूप चांगले प्रश्न विचारतात.

आणि जे कापले गेले त्यांचं काय? दक्षिण कोरियात शस्त्रक्रिया झालेल्या १५ हजारांहून जास्त लोकांच्या विमा नोंदी पाहिल्या, तर ११ टक्क्यांना कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथींची कमतरता आली आणि २ टक्क्यांच्या स्वरयंत्राची नस गेली. ज्यांची पूर्ण ग्रंथी काढली जाते त्यांना रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, आणि ती आयुष्यभर. मला या आकड्यांचं वाईट वाटतं, कारण त्यातल्या कित्येकांची साखळी माझ्यासारख्याच कुणाच्या तरी पडद्यावरून सुरू झालेली असते.

अमेरिकेतही तेच. नवे रुग्ण १९७५ मध्ये लाखामागे ४.९, २००९ मध्ये १४.३, आणि मृत्यूदर लाखामागे ०.५ च्या आसपास जागच्या जागी. २०१७ मध्ये तिथल्या सरकारी तज्ज्ञगटानं लक्षणं नसलेल्या प्रौढांची थायरॉईड तपासणी करू नये असा स्पष्ट सल्ला दिला. मात्र सगळी वाढ अतिनिदानाची, म्हणजे कधीच त्रास न देणाऱ्या गाठी शोधून काढल्याची, आहे असं मी म्हणणार नाही. अमेरिकेच्याच नोंदींत मोठ्या आणि पसरलेल्या गाठीही वाढलेल्या दिसतात, वाढत्या वजनाशीही संबंध सापडला आहे. आयएआरसीच्याच संशोधकांनी २०१६ साली बारा श्रीमंत देशांचा हिशोब मांडला: वीस वर्षांत सुमारे ४ लाख ७० हजार स्त्रिया आणि ९० हजार पुरुषांचं निदान अनावश्यक असावं. स्त्रियांमधलं हे प्रमाण दक्षिण कोरियात ९० टक्के, अमेरिका, इटली, फ्रान्स, ऑस्ट्रेलियात ७० ते ८०, आणि जपान, इंग्लंड, नॉर्डिक देशांत ५० च्या घरात. म्हणजे देशागणिक उत्तर वेगळं.

स्त्रियांचा मुद्दा इथेच घेते. जगभर निदानात स्त्रिया पुरुषांच्या तिप्पट. पण शवविच्छेदनात सापडणाऱ्या सूक्ष्म गाठी दोघांत जवळपास सारख्याच असतात. बाई डॉक्टरकडे जास्त वेळा जाते, थकव्यासाठी, पाळीसाठी, वजनासाठी, आणि दर वेळी थायरॉईडची चौकशी होते, मग मानेची सोनोग्राफी. संकेतस्थळावर स्त्री-पुरुष अशी निवड करून दोन स्तंभ शेजारी लावता येतात. ते लावाच, आणि लगेच तेच दोन स्तंभ मृत्यूंसाठी लावा. तिप्पट फरक तिथे उरत नाही.

आता एक गोष्ट फार जपून वाचायची. २०२० च्या आवृत्तीत जगभरात ५ लाख ८६ हजार नवे रुग्ण होते, २०२२ च्या आवृत्तीत ८ लाख २१ हजार. दोन वर्षांत एवढा आजार वाढला का? अजिबात नाही. चीनचा अंदाज साधारण २ लाख २१ हजारांवरून ४ लाख ६६ हजारांवर गेला, म्हणजे जगाची सगळी वाढ त्या एकाच देशाच्या नव्या नोंदींत आली. आज जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त चीनमधले आहेत. एक आवृत्ती दुसऱ्या आवृत्तीशी ताडून वाढ काढू नका, कारण माहिती आणि पद्धत दोन्ही बदललेल्या असतात. वाढ बघायची तर 'कॅन्सर ओव्हर टाइम'मध्येच.

खरे भौगोलिक फरकही आहेतच, आणि नकाशात ते बुडून जातात हे माझं मुख्य गाऱ्हाणं. १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या स्फोटानंतर किरणोत्सारी आयोडीन गवतात, गवतातून गायीच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या थायरॉईडमध्ये गेलं. बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या त्या पट्ट्यात मुलांना खरोखरचा कॅन्सर झाला. इटलीच्या सिसिली बेटावर एटना ज्वालामुखीच्या पायथ्याच्या कतानिया प्रांतात स्त्रियांमधला पॅपिलरी कॅन्सरचा दर बेटाच्या इतर भागांच्या दुपटीहून जास्त निघाला. तिथे मात्र पाण्याची चौकशी करणं योग्यच होतं, आणि ती झालीही. आयोडीनची कमतरता असलेल्या प्रदेशांत फॉलिक्युलर आणि अ‍ॅनाप्लास्टिक या थायरॉईड कॅन्सरच्या दुसऱ्या प्रकारांचा वाटा जास्त असतो. यातला अ‍ॅनाप्लास्टिक महिन्यांत माणूस नेतो. 'कॅन्सर टुडे'मध्ये मात्र पूर्ण देशाला एकच रंग आणि सगळ्या प्रकारांचा एकच आकडा. गाठ किती मिलिमीटरची होती तेही नाही. प्रांतवार माहितीसाठी आयएआरसीचेच 'कॅन्सर इन्सिडन्स इन फाइव्ह काँटिनेंट्स'चे खंड उघडावे लागतात. पहिला १९६६ चा. ते अभ्यासकाला चालतं, पण सामान्य वाचक तिथवर पोचत नाही.

फिके देश म्हणजे निरोगी देश, असंही नाही. ज्या देशात रजिस्ट्रीच नाही, त्याचा आकडा शेजारच्या देशांवरून बांधलेला असतो. पद्धतीच्या पानावर हे देशवार दिलेलं आहे, प्रामाणिकपणे दिलेलं आहे. तिथे जाऊन आपल्याला हवा तो देश कसा मोजला आहे हे वाचायला पाच मिनिटं लागतात. ती द्या.

मराठीत काही नाही ही उणीव आहेच. शब्द मात्र थोडेच लागतात, आणि एकदा समजले की मुलंसुद्धा वापरू शकतात. डॉक्टर, पत्रकार, भूगोल आणि संख्याशास्त्र शिकवणारे शिक्षक यांनी हे जरूर वापरावं. मानेत गाठ सापडून नुकताच रिपोर्ट हातात आलेल्या माणसानं मात्र एकट्यानं रात्री बसून बघू नये. त्यानं आधी आपल्या डॉक्टरांना गाठीचा आकार विचारावा आणि लगेच ऑपरेशन न करता लक्ष ठेवता येईल का हेही. जपानमधल्या कोबेच्या कुमा हॉस्पिटलमध्ये १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या कमी जोखमीच्या गाठींवर अशी नजर ठेवली जाते. दहा वर्षांत त्यातल्या ८ टक्क्यांच्या आसपास गाठी तीन मिलिमीटरनं वाढल्या, आणि वाढल्यावर शस्त्रक्रिया करूनही रुग्ण ठीक राहिले.

माझे गुण: पाचपैकी चार. एक गुण गाठीचा प्रकार आणि आकार न दाखवल्याबद्दल राखून ठेवते. सुरुवात करणाऱ्यांनी 'कॅन्सर टुडे'त थायरॉईड, स्त्रिया, प्रमाणित दर असं निवडून दक्षिण कोरिया आणि जपान शेजारी लावावेत, आधी नवे रुग्ण, मग मृत्यू.