केळीला हवामान आधारित फळपीक विमा : रावेर-यावलच्या बागायतदारांनी काय बघून घ्यावा

या विम्यात थंडी-उन्हाची भरपाई बाग बघून ठरत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते. बहुतेक भांडणं हे माहीत नसल्यामुळेच होतात.

थंडीसाठी आम्ही हा विमा नक्की घ्या म्हणू. पारा उतरला की निसवण (घड बाहेर पडणं) लांबते, घड अडकतो, फण्या भरत नाहीत. पण झाड उभंच असतं, त्यामुळे हे नुकसान पंचनाम्यात दाखवणं कठीण. इथे पंचनाम्याची गरजच नाही. ठरलेल्या तापमानाखाली ठरलेले सलग दिवस भरले की रक्कम लागू होते. मात्र निकष सलग तीन दिवसांचा असेल आणि दोन रात्री कडाका पडून तिसऱ्या रात्री ढग आले, तर हाती काही येत नाही. केंद्र गावात आणि बाग तापीकाठच्या खोलगट शिवारात असेल तर हा फटका जास्त बसतो, कारण खोलगटात थंडी जास्त साचते, पण नोंद गावातलीच धरतात. निकाल पटला नाही तर तालुका कृषी कार्यालयात आपल्या मंडळाच्या रोजच्या नोंदी लेखी मागा.

वादळी वारा आणि गारपिटीचं गणित वेगळं. तिथे नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते, १४४४७ वर फोन करून किंवा पीक विम्याच्या ॲपवरून. तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि पाहणी होईपर्यंत आडवी झाडं उचलू नका. गारपिटीचं संरक्षण ऐच्छिक आहे, त्याचा हप्ता वेगळा भरावा लागतो. पावतीवर ते दिसतंय का बघा. सीएमव्ही (केळीवरचा विषाणू रोग) किंवा करप्याने बाग गेली तर हा विमा उपयोगी नाही.

फळपिकांना शेतकऱ्याचा हिस्सा विमा संरक्षित रकमेच्या ५ टक्के; म्हणजे संरक्षित रक्कम हेक्टरी १,४०,००० रुपये असेल तर ७,००० रुपये. विमा कंपनीचा हप्त्याचा दर फार चढला तर हा हिस्साही वाढतो, म्हणून त्या वर्षीच्या शासन निर्णयातला आकडाच धरा. सीएससी (अर्ज भरून देणारं सामायिक सेवा केंद्र) चालकाला अर्जामागे ४० रुपये कंपनी देते, हप्त्यावर जास्तीचे पैसे मागितले तर देऊ नका.

पावती हातात आली की तिथेच उभं राहून गट नंबर, क्षेत्र आणि मंडळाचं नाव सातबाऱ्याशी ताडून बघा. मंडळ चुकलं तर भलत्याच केंद्राची थंडी तुमच्या नावावर मोजली जाते. आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. ते खातं कोणतं, हे बँकेत आधीच विचारून ठेवा.