वरच्या खोलीतले रिक्लायनर: दसरा ते पावसाळा

दसऱ्याच्या सुमारास नागपुरातल्या मानेवाड्याच्या आमच्या घरी वरच्या खोलीत तीन रिक्लायनरची, म्हणजे पाठ मागे कलणाऱ्या आणि पाय वर येणाऱ्या खुर्च्यांची, रांग बसवली. आता नवतपाही (मे अखेरीपासूनचे नऊ कडक उन्हाचे दिवस) काढला आणि पाऊसही लागला, म्हणून लिहितोय.

खोली ११ बाय १४, टीव्ही ६५ इंची. एवढा पडदा सुमारे पावणेपाच फूट रुंद असतो. सिनेमासाठी तो नजरेचा निदान ३० अंश तरी व्यापावा असं मानतात, म्हणजे डोळे साधारण नऊ फुटांवर हवेत. रांग तिथेच टाकली. पाठ पूर्ण कलली तरी मागे चालायला जागा उरते. दुकानदार 'भिंतीला लावा ना, खोली मोठी दिसते' म्हणत होता. पण भिंतीला टेकून बसलं की बास, म्हणजे खर्जातला आवाज, नुसता घुमतो, ते नको होतं.

तीन सीटच्या तयार सोफ्यात बहुतेक वेळा कडेच्या दोनच सीट कलतात, मधली ठोकळ्यासारखी स्थिर. आवाज सगळ्यात चांगला मिळतो तो नेमका मधे! तीन सुटे रिक्लायनर ११ फुटांत कोंबले असते तर दाराकडे जायला वाट उरली नसती. म्हणून सामाईक हातांची, तिन्ही कलणारी रांग ऑर्डर देऊन करून घेतली. महाग पडली, पण पुन्हा घ्यायची वेळ आली तरी हीच घेईन. मधल्या सीटवरून घरात रोज भांडणं होतात, तो भाग वेगळा.

लेदरेट, म्हणजे नकली चामडं, दिसायला झकास. पण वर स्लॅब तापलेला, बाहेर पारा ४५ च्या पुढे, अशात त्यावर बसून पाहा, पाठ चिकटून जाते. शिवाय स्वस्त पीयू (पॉलियुरेथेन) लेदरेटचा वरचा थर उष्णता आणि ओल मिळून काही वर्षांत सोलवटतो, आणि आपल्याकडे कुलर म्हणजे ओल आलीच. आम्ही जाड विणीचं कापड घेतलं. मे महिन्यात त्याचं सोनं झालं. पावसाळ्यात मात्र कुलर चालू ठेवला की खिडकीकडच्या सीटला कुबट वास येतो. तसाही कुलरच्या घरघरीत संवाद ऐकू येत नाहीत, शेवटी एसी लावलाच. सावजी रश्श्याचा डाग कापडावरून जात नाही. खुर्चीच्या हातांवर काढून धुता येणारी कव्हरं आहेत, आणि रस्सा खाली जेवणाच्या टेबलावरच.

दोन सीट हाताने ओढायच्या, आईची मोटरवाली. हाताने ओढायच्या सीटचा पाय ठेवायचा भाग टाचेने दाबून मिटवावा लागतो, ते तिच्या गुडघ्यांना जमेना. लाइट गेली की मोटरवाली आहे तिथेच अडकते आणि आई वरून हाका मारते. तो प्लग इन्व्हर्टरवर घेतला, मग शांतता.

उंच पाठ मानेला सुखाची, पण ती मागच्या स्पीकरचा आवाज अडवते. स्पीकर कानाच्या पातळीहून फूटभर वर चढवले तेव्हा फरक पडला.

फोम ४० डेन्सिटीचा, म्हणजे घनमीटरला ४० किलो. अजून खड्डा नाही. वॉरंटी मात्र फक्त यंत्रणेवर निघाली. फोम आणि शिलाई त्यात येते का, हे पैसे देण्याआधी बिलावर लिहून घ्या, तोंडी सगळेच 'हो' म्हणतात.