टीव्हीसमोर फोन, फोनसमोर मी

धरणगावच्या एका जिनिंगमध्ये २७ वर्षं फिटर होतो. सरकीपासून रुई वेगळी होताना जो घरघराट चालतो, त्यात कान हळूहळू गेले. पूर्ण नाही गेले. आवाज येतो, शब्द येत नाही. स, श, फ असली अक्षरं आधी गळतात, मग ‘सात’ काय नि ‘हात’ काय, मला एकच. कानाचं मशीन आहे, पण त्याने कुकरची शिट्टी, पंखा आणि मालिकेतलं ढॅणढॅण संगीत, सगळंच मोठं होतं.

पोराने दिवाळीत आला तेव्हा बोललेलं लिहून दाखवणारं एक फुकटातलं ॲप फोनमध्ये टाकून दिलं. भाषा मराठी निवडायची, फोन बोलणाऱ्यापुढे धरायचा, अक्षरं उमटत जातात. तीन महिने ते टीव्हीसमोर वापरलं.

पहिला आठवडा मान दुखण्यातच गेला. फोन मांडीवर, टीव्ही भिंतीवर आणि माझा चष्मा दोन भिंगांचा. वाचायला खाली, बघायला वर. नंदीबैल बरा! शेवटी हिने शेंगदाण्यांचा डबा आणून टीव्हीला खेटून ठेवला, त्याला फोन टेकवून उभा केला. मी अक्षरं होतील तेवढी मोठी केली नि खुर्ची पुढे ओढली. तेव्हापासून मान ठीक आहे.

बातम्यांना ॲप झकास. एकटा माणूस बोलतो, मराठी साफ, मागे गोंगाट नाही. लिहिता लिहिता ते स्वतःची चूकही सुधारतं. आधी ‘कापसाला बाप’ लिहिलं, पुढचे दोन शब्द कानावर पडले की त्याचा ‘भाव’ केला. चर्चा लागली की मात्र चौघं एकदम बोलतात आणि त्यांची खिचडी एकाच ओळीत पडते. कोण काय म्हणालं, देव जाणे. मालिकेत सासू दाराआड कुजबुजली की संगीत चढतं, आणि नेमका तेव्हाच फोन मुका होतो. नेट गेलं तर काही विचारूच नका.

अहिराणीत तर त्याची फजिती बघण्यासारखी. अहिराणी कॉमेडीचे व्हिडिओ म्हणजे माझा जीव की प्राण. एकात म्हातारा पोराला विचारतो, ‘कथा चालना रे भो?’ ॲपने लिहिलं, ‘कथा चालणार रे भाऊ’. कुठे चाललास विचारलं, तर याने सत्यनारायण मांडला.

एकदा जाहिराती लागल्या आणि ॲप चालूच राहिलं. ही बहिणीशी फोनवर बोलत होती. ओळ उमटली, ‘त्यांना ऐकू येत नाही तेच बरं आहे’. मी ती मोठ्याने वाचून दाखवली. त्या दिवशी चहा फार उशिरा मिळाला.

जावईबापूंनी जळगावला मराठी सिनेमाला नेलं. पडद्याखाली ओळी होत्या, पण इंग्रजीत. सिनेमा मराठी, बघणारे सगळे खान्देशातले, आणि ओळी कोणासाठी? माझं इंग्रजी मशीनच्या पाटीपुरतं. फोन काढला तर मागच्याने खांद्यावर टकटक केली, डोळ्यांत उजेड जातो म्हणून. त्याचं बरोबरच होतं. तसंही त्या घुमणाऱ्या आवाजातून ॲपला धड वाक्य मिळत नव्हतं. मध्यंतरात तिकिटाच्या खिडकीवर विचारलं, मराठी ओळींची काही सोय? खिडकीतल्या पोराने उत्तर दिलं, मी फोन पुढे केला. एकही चूक न करता लिहून आलं, ‘काका आवाज वाढवायला सांगू का’.

केंद्र सरकारने टीव्हीसाठी सप्टेंबर २०१९ मध्ये आणि थेटरांसाठी १५ मार्च २०२४ ला ऐकू न येणाऱ्यांना अशा ओळी देण्याबद्दल सूचनांचे कागद काढलेले आहेत. थेटरच्या कागदात दोन्ही वाटा आहेत: ओळी पडद्यावर सगळ्यांना दिसाव्यात, नाहीतर ज्याला हव्या त्याला वेगळ्या यंत्रावर. आणि नुसते संवाद छापून भागत नाही. कोण बोललं, दार वाजलं, मागून शिट्टी आली, हेही ओळीत यावं लागतं. सिनेमावाल्याच्या हातात संवादाची वही असते, त्याला ते जमेल. माझा फोन अंधारात खडे मारतो.

शेजारचा पोरगा जन्मापासून बहिरा आहे. त्याला कौतुकाने ॲप दाखवलं. पाच मिनिटं बघितलं आणि फोन परत दिला. त्याची पहिली भाषा खुणांची, मराठी वाचताना तो अडखळतो. दूरदर्शनवर पूर्वी रविवारी दुपारी बहिऱ्यांसाठी खुणांच्या भाषेत बातम्या लागायच्या, त्याला तसं काही हवंय. ते या ॲपमध्ये नाही.

बातम्यांना चार तारे, मालिकांना दीड, थेटरात शून्य. घरच्यांचं बोलणं पकडायला पाच, पण ते आमच्या हिला सांगू नका. आणि डबा भरलेलाच घ्या. रिकामा सरकतो, फोन तोंडावर पडतो.