जुन्या संगणकावर लिनक्स मिंट: सोलापुरातील एका चादर कारखान्याचा अनुभव

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानंतर, सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या चादर कारखान्यातला चार जीबी रॅमचा संगणक मोडीत काढण्याऐवजी आम्ही त्यावर विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स मिंट २२ या संगणक प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती बसवली आणि तो निर्णय योग्य ठरला.

या मोफत प्रणालीतले सर्वांत मोलाचे साधन म्हणजे टाइमशिफ्ट. ते प्रणालीच्या फायलींची ठरावीक वेळी प्रत ठेवते, त्यामुळे एखादे अपडेट बिघडले तरी आधीच्या स्थितीत परतता येते. मात्र आपली बिले आणि हिशेब, वेगळी सूचना दिल्याशिवाय, त्यात जतन होत नाहीत. म्हणून त्यांची प्रत पेनड्राइव्हवर ठेवावीच, हे मी आग्रहाने सांगतो. ‘सेशन अँड स्टार्टअप’ या सेटिंगमधून, संगणक सुरू होताच आपोआप उघडणारे अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत, कमी रॅमच्या यंत्राला त्याचा मोठा दिलासा मिळतो. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये देवनागरी मांडणी जोडता येते.

केवळ विंडोजसाठी बनवलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर येथे थेट चालत नाही. तसेच बसवण्यापूर्वी ही प्रणाली पेनड्राइव्हवरून सुरू करून, हार्डडिस्कला हात न लावता, आपला प्रिंटर आणि वायफाय नीट चालतात का, हे तपासून घ्यावे.