परदेशात राहून मराठीतून सायकोडायनॅमिक थेरपी : वर्षभरानंतरचा अनुभव

थेरपी सुरू करून वर्ष होत आलंय म्हणून आता जरा निवांत लिहिते. सायकोडायनॅमिक म्हणजे जुनी नाती आणि नकळत मनात चाललेलं बोलून बोलून समजून घ्यायची थेरपी. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते, फायदा झाला, पण लई हळू झाला, आणि मधे काही महिने तर असं वाटायचं की आपण उगं पैसे घालवायलोत.

माझं थोडक्यात. गाव निलंगा तालुक्यातलं, अकरावी-बारावी लातूर, इंजिनिअरिंग तेव्हाच्या औरंगाबादला, मग पुणे, आणि आता बरीच वर्षं स्टुटगार्टजवळ एका कंपनीत क्वालिटीला. नवरा, लेकरू, घर, सगळं व्यवस्थित. तक्रार म्हणावी तर एवढीच की रविवारी गावाकडं फोन झाला की रात्री झोप यायची नाही आणि सोमवारी ऑफिसात कुणी साधं "वी गेट्स" (कसं काय) म्हटलं तरी डोळे भरून यायचे. डॉक्टरनं थायरॉइड, बी-१२, डी सगळं तपासलं. रिपोर्ट नॉर्मल.

आधी कंपनीकडून मिळाली ती सीबीटी, म्हणजे विचार तपासून बदलायची थेरपी केली, इंग्रजीतून. तिला नावं ठेवणार नाही, झोपेसाठी खरंच उपयोग झाला. पण त्यात तक्ते भरायचे, मनात विचार काय आला आणि त्याला पुरावा काय. आता "अण्णा थकलेत आणि मी इथं आहे" या विचाराला काय पुरावा मागता, तो तर पुराव्यासकट खराच आहे.

जर्मनीत राहणाऱ्यांनी हे वाचा. इथल्या सरकारी आरोग्यविम्यात ही थेरपी बसते, सेशनचे पैसे खिशातून जात नाहीत. सायकोडायनॅमिकचं इथलं नाव वेगळं आहे पण पद्धत तीच, मोठ्यांना ६० सेशनपर्यंत मंजुरी मिळू शकते आणि गरज असंल तर १०० पर्यंत वाढते. ११६११७ ला फोन केला की पहिली भेट ठरवून देतात. मला मिळाली, बाई चांगल्या होत्या, पण नियमित जागेसाठी वेटिंग महिनोन् महिने. शिवाय माझं जर्मन मीटिंगपुरतं ठीक आहे, पण आजी गेली तेव्हा मी पोचू शकले नाही हे सांगताना मी शब्दाला डेअर लावायचं का डी का डास, असलं जर्मन व्याकरण करत बसले आणि रडायचंच राहून गेलं. म्हणून मग मराठी बोलणारी थेरपिस्ट शोधली, भारतातली. तिची फी इथला विमा देत नाही, ते खिशातून. सेशनला दोन हजार रुपये, म्हणजे वीसेक युरो. इथल्या मानानं स्वस्त, गावाकडच्या मानानं शेतमजुराची कितीतरी दिवसांची मजुरी, आणि हा हिशेब माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही, त्यावर पण सेशनमधे बोलून झालंय.

निवडताना एक करा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेत असतील तर आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन आहे का विचारा आणि सायकोडायनॅमिकचं वेगळं ट्रेनिंग घेतलंय का ते पण विचारा. ज्यांना राग येईल त्यांच्याकडं जाऊ नका.

आता पद्धत. आठवड्यातून एकदा, ५० मिनिटं, तोच वार, तीच वेळ. गृहपाठ नाही, टिप्स नाहीत, "पॉझिटिव्ह विचार करा" तर अजिबात नाही. मनात येईल ते बोलायचं, मनोविश्लेषण (सायकोअॅनॅलिसिस) काढणाऱ्या फ्रॉइडनं व्हिएन्नात सुरू केलं तेच अजून. सुरुवातीला मला वाटायचं या मॅडम काही बोलतच नाहीत, मग पैसे कशाचे. मी विचारलं, माझ्या जागी तुम्ही असतात तर भारतात परत गेला असतात का? त्या म्हणाल्या, "मी काय केलं असतं हे तुम्हाला का हवंय, बघूया का?" डोकं फिरलं होतं माझं त्या दिवशी.

भावकीतला एकजण म्हणाला, हे गोऱ्यांचं फॅड आहे. त्याला सांगितलं, कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मधेच सायकोअॅनॅलिटिकल सोसायटी काढली, फ्रॉइडशी त्यांची पत्रं चालायची. तो म्हणाला, "मग लातुरात का नाई आली शंभर वर्षांत?" याला माझ्याकडं उत्तर नाही.

काम कुठं झालं ते सांगते. प्रत्येक सेशनला मी आधी मॅडमला विचारायची, जेवण झालं का, पाऊस झाला का तुमच्याकडं, आणि मग आठवड्यातलं काहीतरी चांगलंच सांगायची. एकदा त्यांच्याकडची लाइट गेली होती, त्या मोबाइलवरून बोलत होत्या आणि खोकत होत्या. मी लगेच म्हटलं, राहू द्या मॅडम आज, तुम्ही आराम करा, माझं काही विशेष नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या खोकल्याचं मी बघते. तुमचं आज काय होतं जे विशेष नाही झालं?" आणि होतं काय, तर त्याच आठवड्यात अण्णांना लातूरला अॅडमिट केलेलं आणि मला ते चुलतभावाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवरून कळलेलं. दादाला फोन केला तर म्हणाला, "तुला उगं टेन्शन कशाला म्हणून सांगितलं नाई, आता बरे हायत." मी पण बरं म्हणून ठेवला. माझं मागच्या वर्षी छोटं ऑपरेशन झालं ते मी तरी कुठं घरी सांगितलंय. म्हणजे घरचे मला सांभाळायलेत, मी घरच्यांना, आणि आता पैसे देऊन मॅडमला पण.

जुन्या नात्यातलं वागणं माणूस थेरपिस्टसोबत नकळत परत करतो, त्याला ट्रान्सफरन्स म्हणतात, आणि या पद्धतीत बरंच काम त्यावर चालतं. पुस्तकात वाचलं असतं तर मी हो हो म्हणून पान उलटलं असतं, इथं ते माझ्या तोंडातून चालू असताना पकडलं गेलं.

मग त्यातून लातूरचं हॉस्टेल निघालं. मला वाटत होतं माझा प्रश्न जर्मनीचा आहे. तर पंधरा-सोळाव्या वर्षी लातूर पॅटर्नसाठी एका खोलीत चार पोरी, आणि कोपऱ्यावर लाल कॉइन बॉक्स. रुपयाचं नाणं टाकायचं, मागं लाइन लागलेली, तेवढ्यात काय सांगणार, म्हणून "सगळं बरंय, पेपर चांगला गेला, ठेवू का." फोन शेजारच्यांकडं यायचा, आई पळत यायची, तिचा दम लागलेला ऐकू यायचा आणि तोवर टूं टूं टूं. दुसरं नाणं मुठीत असायचं, पण टाकायची नाही. मॅडमनी एवढंच विचारलं, का नाही टाकायचात? त्यावर मी बरेच आठवडे बोलले. आता हेच खरं कारण का या पद्धतीला असली कारणं सापडतातच, सांगता येणार नाही, पण रविवारची झोप सुधारली ती यानंतर.

डिसेंबरच्या सुट्टीत येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, गावी गेले. सेशन चुकवायचं नव्हतं आणि घरात दार लावून बसायची सोय नाही, म्हणून शेतात दादाच्या गाडीत काचा वर करून बसले. बाहेर कोपीपाशी भज्जी-आंबीलीच्या पंगती, चुलती येऊन काचेवर टकटक, "कुणासंगं बोलायलीस इतकं गं, मायला सोडून?" एक बार रेंज. सेशन म्हणून वाया गेलं म्हणा, पण रात्री दादानं विचारलं तेव्हा त्याला खरं सांगितलं, की मी कुणाशी बोलते आणि का. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला बी बोलायचंय कुणाशी तरी, पण इथं कुणाशी बोलावं." त्याला टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिलाय, फुकट आहे, मराठीतून बोलतात. केलाय का नाही विचारलं नाही.

तक्रारी पण लिहिते. एक, घड्याळ. भारताशी उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार, त्या आठवड्यात हमखास गोंधळ. मॅडमची मोठी सुट्टी आधी कळवलेली असते तरी मला राग येतो, आणि त्या रागावर परत सेशन, म्हणजे सुट्टीचा पण अभ्यास. स्क्रीनवर शांतता आली की वाटतं नेटच गेलं. आणि किती दिवस चालणार हे कुणी सांगत नाही. शेडलर या मानसशास्त्रज्ञांचा २०१० चा एक लेख आहे, त्यात म्हटलंय की या थेरपीचा फायदा संपल्यावर पण टिकतो आणि वाढतो. असंल, माझी संपलेली नाही अजून.

ज्यांना जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात त्यांनी दूरदेशीच्या ऑनलाइन थेरपिस्टवर एकट्यावर राहू नये, आधी जिथं राहता तिथला डॉक्टर गाठा, युरोपात ११२ आहे. आमच्या मॅडमनी पहिल्याच सेशनला माझा इथला पत्ता आणि नवऱ्याचा नंबर लिहून घेतला, कारण तिकडं बसून त्या इथं अॅम्ब्युलन्स पाठवू शकत नाहीत. जो थेरपिस्ट हे विचारत नाही तो मला तरी नको. अमेरिकेतल्यांनी अजून एक बघा, तिथं परवाना राज्याराज्याचा वेगळा असतो आणि क्लायंट बसलाय ते राज्य धरतात, म्हणून भारतातले काहीजण अमेरिकेतले क्लायंट घेतच नाहीत.

आता मॅडम विचारायल्यात, आठवड्यातून दोनदा करूया का. नवऱ्यानं हिशेब करून कपाळाला हात लावलाय. मी अजून हो म्हटलेलं नाही, आणि नाही म्हणताना "तुम्हाला त्रास नको मॅडम" असं म्हणणार नाही एवढं ठरवलंय, परवडत नाही असंच सांगेन.