डीअँडडीचं 2024 चं प्लेयर्स हँडबुक : पुस्तक भारी, पण कुस्तीत कच्चं

डीअँडडी म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फाशांवर गोष्ट खेळायचा खेळ, आणि हे त्याचं खेळाडूंसाठीचं नियमांचं पुस्तक. पाचपैकी चार तारे. पाचवा आमच्या पैलवानानं कापायला लावला.

मंगळवार पेठेत रविवारी संध्याकाळी आमचा ग्रुप बसतो, डीएम (खेळ चालवणारा) मी. 2014 चं जुनं पुस्तक पार खिळखिळं झालेलं, त्यात पानांपेक्षा हाऊस रूलच्या (आमच्या घरच्या नियमांच्या) चिठ्ठ्या जास्त. नवीन घेताना एवढंच बघायचं होतं, की यातल्या किती चिठ्ठ्या आता फेकता येतात.

काही लगेच गेल्या. जखम भरायचं औषध प्यायला पूर्वी अख्खी ॲक्शन (पाळीतलं मुख्य काम) जायची, आता बोनस ॲक्शनमध्ये (जोडीच्या छोट्या कामात) भागतं. आमच्याकडं ते आधीपासून असंच होतं. ॲबिलिटीचे (ताकद, चपळाई अशा गुणांचे) वाढीव आकडे आता वंशावर नाही, बॅकग्राउंडवर (पात्राच्या आधीच्या धंद्यावर) मिळतात, हेही झकास. ड्वार्फाचा जादूगार केला म्हणून कोणी मागं पडत नाही. आमच्या पैलवानानं (खरोखर तालमीत जाणारा गडी आहे) शेतकरी बॅकग्राउंड घेतलं. स्ट्रेंथ (ताकद) 15 ची 17 झाली आणि वर 'टफ' हे फीट (खास कसब) मिळालं, म्हणजे दर लेव्हलला 2 हिट पॉइंट (मार सोसायचे गुण) जादा. स्वारी खूश.

पहिल्याच ओगरला (धिप्पाड राक्षसाला) मिठी मारली आणि खुशी उतरली.

जुन्या पुस्तकात धरणारा आणि धरला जाणारा, दोघंही फासा टाकायचे. आता धरणाऱ्याचा आकडा ठरलेला: 8, अधिक स्ट्रेंथचा मॉडिफायर (तिच्यावरून मिळणारी भर), अधिक प्रोफिशियन्सी (सरावाची भर). समोरच्यानं फाशावर तो गाठला की तो सुटला. पहिल्या लेव्हलला आमच्या गड्याचा 13 होतो. ओगरच्या स्ट्रेंथला +4, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर 9 किंवा वर पडलं की तो हातात येतच नाही. शंभरात साठ वेळा! जुन्या नियमानं +5 विरुद्ध +4, जवळजवळ बरोबरीची झुंज होती. त्याहून वाईट म्हणजे ॲथलेटिक्स (अंगकसरतीचं कौशल्य) शिकलेलं असणं पकड करताना मोजतच नाहीत, ते फक्त सुटताना कामी येतं. पैलवान तापला. "भावा, तालमीत घासलेला आणि नुसता अंगानं दांडगा, दोघं एकच व्हय?" मला उत्तर सुचलं नाही.

जुना नियम तरी कुठं धुतल्या तांदळाचा होता? चोर किंवा भाट पात्र एक्स्पर्टीजनं (खास प्रावीण्यानं) प्रोफिशियन्सी दुप्पट करून भल्याभल्यांना जखडून ठेवायचा. म्हणून आमची नवी चिठ्ठी अशी: ज्याच्याकडं ॲथलेटिक्स आहे त्यानं पकडताना दोन्हीकडून फासे टाकायला लावावेत, पण एक्स्पर्टीजची दुप्पट धरायची नाही. बाकीच्यांना पुस्तकातला नियम. फासे थोडे जास्त पडतात, पण पडताना सगळे उभे राहून बघतात.

एक गोष्ट मात्र पुस्तकात पक्की आहे. धरलेल्याचा स्पीड शून्य होतो आणि पडलेल्याला उठायला निम्मा स्पीड लागतो. म्हणजे आधी धरा, मग पाडा, की गडी उठत नाही. याला हात लावू नका, खासबागेच्या कुस्ती मैदानात टाळ्या पडतील असा नियम आहे.

ॲबिलिटीचे आकडे काढायच्या तीन रीती दिल्यात: तयार संच (15, 14, 13, 12, 10, 8), 27 पॉइंटांची खरेदी, नाहीतर चार फासे टाकून सगळ्यात लहान सोडणं. फाशांत मजा आहे, पण एकाला 18 आणि शेजाऱ्याला 9 आला की वर्षभर तोंडं बघावी लागतात. आम्ही पाच खेळाडू आणि मी, सहा जण एकेक आकडा टाकतो आणि तेच सहा आकडे सगळ्यांना. ही चिठ्ठी कायम.

आणखी एक कायम: लाँग रेस्ट (मोठी विश्रांती) गाव गाठल्यावरच. आमच्या एका बैठकीत एकच मोठी मारामारी होते. रोज आठ तास झोपून जादूगार सगळे स्पेल परत मिळवायला लागला, तर फायटरनं काय नुसता चहा आणायचा?

384 पानं, 12 क्लास (फायटर, जादूगार असे पात्रांचे प्रकार), 48 सबक्लास (त्यांच्या शाखा), चित्रं देखणी. आमच्या प्रतीचा कोपरा कुरिअरमध्ये चेपला, ते सोडा. नवीन असाल तर आधी मोफत एसआरडी 5.2 (मूळ नियमांचा संक्षेप) उतरवून घ्या. त्यात प्रत्येक क्लासचा एक सबक्लास आहे, पण बॅकग्राउंड चारच, आणि शेतकरी त्यात नाही. ग्रुपमध्ये वर्गणी काढून एक प्रत घेतली तरी पुरते. आमची पैलवानाच्या घरी असते, आणि ग्रॅपलच्या (पकडीच्या) पानावर त्यानं पेन्सिलीनं फुली मारलीय.