व्हेल: शैली राखणारा लिंटर, आणि तो जिथे बघतच नाही ती जागा

टेक्निकल रायटरने आधी विषय पक्का करावा की लेखनशैली, या वादावर तोंडी चर्चा करण्यापेक्षा व्हेल चालवून बघावं. तो इंग्रजी दस्तऐवजांची शैली तपासणारा ओपन सोर्स लिंटर, म्हणजे चुका शोधून दाखवणारा प्रोग्राम आहे. कमांड लाइनवर, तुमच्याच मशीनवर चालतो आणि मजकूर बाहेर कुठेही पाठवत नाही. इंटरनेट लागतं ते फक्त नियमांची पॅकेजेस उतरवताना. दस्तऐवज लिहायच्या साध्या मजकूर-पद्धतींपैकी मार्कडाउन तो थेट वाचतो, आस्कीडॉकसाठी मात्र आस्कीडॉक्टर वेगळं बसवावं लागतं.

मांडणी सोपी आहे. प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरमध्ये ‘.व्हेल.आयएनआय’ ही फाइल ठेवायची. नियमांचं फोल्डर कुठे आहे, कोणत्या पातळीपासूनचे इशारे दाखवायचे, कोणती पॅकेजेस हवीत आणि कोणत्या फाइलींना कोणते नियम लावायचे, एवढं तीत लिहायचं. गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या शैलीची पॅकेजेस तयार मिळतात. ‘व्हेल सिंक’ चालवलं की ती उतरतात. इशाऱ्यांच्या पातळ्या तीन: सजेशन, वॉर्निंग आणि एरर. सीआय, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप चालणारी तपासणी, अडतं ते फक्त एररवर. जुन्या दस्तऐवजांवर सगळे नियम एकदम लावले तर इशाऱ्यांचा ढीग पडतो आणि लोक ते वाचणंच सोडून देतात. त्यामुळे आधी स्पेलिंग आणि संज्ञा एवढ्याच एररवर ठेवा, बाकीचं सजेशनवर.

संज्ञांची यादी हा याचा सगळ्यात उपयोगी भाग. ‘अ‍ॅक्सेप्ट’ फाइलमध्ये एका ओळीत एक शब्द लिहायचा. मग तो शब्द स्पेलिंगच्या चुकांतून सुटतो आणि कॅपिटल अक्षरं चुकली की पकडलाही जातो. दहा जणांनी लिहिलेले दस्तऐवज एका हातचे वाटू लागतात. हे काम माणसाने डोळे ताणून करण्यात काही अर्थ नाही.

आता उणी बाजू. मार्कडाउनमधले कोड ब्लॉक आणि ओळीतला कोड व्हेल मुळात तपासतच नाही. तसं करणं बरोबरच आहे, नाहीतर प्रत्येक कमांडवर स्पेलिंगची चूक निघाली असती. पण वाचक दस्तऐवजातून जे उचलून टर्मिनलमध्ये टाकतो, ते नेमकं तिथेच असतं.

पोस्टग्रेस या डेटाबेसचं उदाहरण घ्या. ‘चालू डेटाबेसवर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) बनवा’ असा विभाग आहे. वाक्यं लहान, क्रियापदं कर्तरी, व्हेलचा एकही इशारा नाही. खाली साधं ‘क्रिएट इंडेक्स’ दिलंय. ही कमांड चालू असेपर्यंत त्या टेबलवरचं वाचन सुरू राहतं, पण लिखाण थांबतं. मोठ्या टेबलवर याचा अर्थ सेवा ठप्प. विषय थोडा ऐकून माहीत असलेला लेखक तिथे लिखाण न थांबवणारं ‘कॉन्करंटली’ जोडतो, आणि खरी अडचण पुढे येते. ही कमांड ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे एकतर सगळ्या होतील नाहीतर एकही नाही अशा कमांडच्या गटाच्या, आत चालत नाही. जँगो हे पायथनचं वेब फ्रेमवर्क पोस्टग्रेसवर मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) आपसूक ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतं, म्हणून तिथे ‘अ‍ॅटॉमिक’ फॉल्स करावं लागतं. शिवाय ती मध्येच फसली तर इनव्हॅलिड इंडेक्स मागे उरतो. क्वेरी तो वापरत नाहीत, पण प्रत्येक लिखाणावर त्याचा भार पडतच राहतो. दस्तऐवजात ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ लिहिलं असेल तर आणखी वाईट: पुन्हा चालवल्यावर त्या नावाचा इंडेक्स सापडतो, कमांड एरर न देता पुढे सरकते आणि इनव्हॅलिड इंडेक्स जागचा हलत नाही. तो आधी ड्रॉप करा, ही एक ओळ विषय माहीत असल्याशिवाय सुचत नाही. शैलीचा कोणताही नियम ती सुचवणार नाही.

वाचनसुलभतेच्या आकड्याचंही तेच. फ्लेश-किंकेड पातळीचं सूत्र वाक्यामागच्या शब्दांना ०.३९ ने आणि शब्दामागच्या अक्षरावयवांना ११.८ ने गुणतं, दोन्हींची बेरीज करतं आणि १५.५९ वजा करतं. झालं. वरची ‘आधी ड्रॉप करा’ ही ओळ काढून टाकली तर आकडा सुधारूही शकतो.

शैलीचा नियम अर्थ बिघडवतोही. ‘किल’ आणि ‘टर्मिनेट’ दोन्ही कठोर वाटतात म्हणून टीमने दोन्हींच्या जागी ‘स्टॉप’ असा बदलीचा नियम केला, असं समजा. लिनक्सवर टर्म (टर्मिनेट) सिग्नल प्रोसेसला आवराआवर करायची संधी देतो, किल सिग्नल देत नाही. तो अडवताच येत नाही. एकाच शब्दाने हा फरक पुसला जातो. असे नियम लिहायला विषय जाणणारा माणूसच बसवा.

तरीही एका नियमासाठी व्हेल ठेवावाच: कर्मणी प्रयोगाचा. ‘निष्क्रिय कनेक्शन बंद केलं जातं’ यावर इशारा आला की लेखकाला कर्ता शोधावा लागतो. कोण बंद करतं? पोस्टग्रेस स्वतः, मधला कनेक्शन पूलर, की फायरवॉल? पोस्टग्रेसकडे ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून बसलेल्या सेशनसाठी एक टाइमआउट आहे, आणि आवृत्ती १४ पासून नुसत्या निष्क्रिय सेशनसाठी वेगळा. दोन्ही मुळात बंद असतात. उत्तर माहीत नसलेला लेखक वाक्य फिरवून इशारा गप्प करतो. माहीत असलेला सेटिंगचं नाव लिहितो. रिव्ह्यू करताना अशा फिरवलेल्या वाक्यांवर बोट ठेवा, अज्ञान बहुतेक तिथेच लपलेलं असतं.

लेखक निवडताना आम्ही विषयाला झुकतं माप देऊ, तेही बरंच. वाक्यातली शैली व्हेल आणि एक जाणता संपादक मिळून सांभाळतात. पायऱ्यांचा क्रम, इशारा कमांडच्या आधी येणं, वाचकाला आधीच काय माहीत आहे याचा अंदाज, हेही लेखनकौशल्यच. पण ते विषय समजल्यावरच चालतं. व्हेल लावा आणि सीआयमध्ये दुसरं काम जोडा: दस्तऐवजातल्या कमांड काढून रिकाम्या कंटेनरमध्ये (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या, कोऱ्या जागेत) वरून खाली चालवायच्या. व्हेलने ओलांडलेले कोड ब्लॉक निदान तिथे तरी तपासले जातील.